चौथ्या ओळीतला थेंब

२४ सप्टेंबर, बुधवार

"रजिस्टरमध्ये काम लिहायचं, भीती लिहायची नाही. भीतीसाठी वेगळी वही कर," हेमा मॅडम मला चिडवायला म्हणाल्या, आणि मी खरोखरच वही आणली. वय एकोणतीस, लग्न झालेलं, लॅब टेक्निशियनची पदविका भिंतीवर टांगलेली, आणि पाल दिसली की अजून स्टुलावर चढते. त्यात आता हे मशीन माझ्या गळ्यात पडलंय.

आमचं प्रसूतिगृह देवगाव फाट्याजवळ, बारा खाटांचं. डॉक्टर म्हणजे हेमा मॅडम, लॅबमध्ये मी एकटी. पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं हे मशीन वापरून बघायला दिलंय. आणखी सहा ठिकाणी दिलंय म्हणे. आकार जेवणाच्या डब्याएवढा. झाकण उघडलं की आत काचेची प्लेट, तिच्यावर धातूचे बारीक चौकोन, चार ओळींत मांडलेले. त्यांच्यावर पारदर्शक फिल्म ताणून बसवलेली. फिल्मवर थेंब ठेवला की पुढच्या चौकोनात वीज येते, थेंब तिकडे झुकतो आणि सरकतो. मग त्याच्या पुढचा चौकोन. ना नळी, ना पंप. थेंब आपला चालत जातो, वाटेत औषधाच्या थेंबात मिसळतो, आणि शेवटच्या खिडकीत उजेड मोजून मशीन आकडा देतं. पहिल्या दिवशी मी श्वास धरून बघत बसले होते.

रक्त असतं तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेचं. ते जाड कागदाच्या कार्डावर वाळवायचं, त्यातली छोटी चकती कापून विरघळवायची, त्याचा हा थेंब. आकडा वीसच्या आत आला तर बाळ ठीक. वर गेला तर त्याची थायरॉईड ग्रंथी काम करत नाही. हजारोंत एखादंच असं असतं, आणि जन्मतः ते इतर बाळांसारखंच दिसतं. दोन आठवड्यांच्या आत साधी गोळी सुरू झाली तर चारचौघांसारखं वाढतं. राहून गेलं तर बुद्धीला कायमची झळ बसते.

विजेची मला भीती वाटत नाही. आकड्याखाली सही माझी असते, त्याची वाटते.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. सगळ्या उपकरणांची पूजा झाली. वजनकाटा, बीपीचं मशीन, निर्जंतुकीकरणाचा कुकर, सगळे झेंडूच्या माळा घालून बसले होते. ताट तयार केलं कस्तुराबाईंनी. या आमच्या आया, साठीच्या, सगळ्यांच्या कस्तुरामावशी. पण हळदकुंकू लावायची वेळ आली तशा त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. नवरा जाऊन बावीस वर्षं झालीत त्यांचा. मला ते बघवेना.

"मावशी, माझ्या मशीनला तुम्हीच लावायचं," मी म्हणाले.

"नको ताई. मपल्या हातानं नको. सवाष्णीनं लावावं."

मी ऐकतेय कसली. त्यांचा हात धरला, बोट कुंकवात बुडवलं. फिल्म बदलायची म्हणून मी झाकण उघडून प्लेट मोकळीच ठेवली होती. मावशी म्हणाल्या, काम जिथं व्हतं तिथंच लावावं, डब्याला लावून काय उपेग. प्लेटीच्या कोपऱ्यावर त्यांनी ओल्या कुंकवाचा टिपका ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या राजीचं लेकरू बी ह्याच्यावरूनच जायचंय. नीट बघ रं बाबा." राजी म्हणजे राजेश्री, त्यांच्या मुलीची मुलगी. पेडगावला माहेरी आलीय बाळंतपणाला, आजी इथं आहे म्हणून नाव आमच्याकडे घातलंय.

नियमानं प्लेट स्पिरिटनं पुसूनच नवी फिल्म बसवायची. पण आत्ताच लावलेलं कुंकू, तेही मावशींनी बावीस वर्षांनी लावलेलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुसायचं? माझा हात धजेना. टिपका तसाही कडेला होता, चौकोनांच्या बाहेर. फिल्मखाली हवा राहू नये म्हणून तेलाचे दोन थेंब सोडतात, ते सोडले आणि वरून फिल्म ताणून बसवली. रजिस्टरमध्ये 'प्लेट स्वच्छ केली' असं लिहिलं.

आज मला स्वतःचं फार कौतुक वाटतंय. एकदा तरी कुणाला न घाबरता काही केलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

राजेश्रीला मुलगी झाली. तीन किलो, गोरीपान. राजेश्रीचे वडील व्यंकटराव अख्ख्या दवाखान्याला जिलबी वाटत फिरत होते, एका बाईला मॅडमनी मधुमेह आहे म्हणून सांगितलंय तर तिलाही दोन कडी जास्त दिली. मावशी फरशी पुसताना गुणगुणत होत्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

राजेश्रीच्या मुलीची तपासणी केली. आज कार्डं बरीच होती, एका ओळीतून एका वेळी एकच थेंब जातो, म्हणून तिचा चौथ्या ओळीत लागला. मधेच थेंब रेंगाळला, मग निघाला. पावसानं लाईट सारखी येतेय-जातेय, इन्व्हर्टरवर होतं सगळं, त्यामुळे असेल. आकडा चौदा. मावशींना सांगितल्यावर त्यांनी मशीनला लांबून हात जोडले. बाळ-बाळंतीण दुपारी पेडगावला गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

थेंब पुन्हा अडला. चौथ्याच ओळीत. अडून पुढे गेला तेव्हा मागे बारीक शेपूट सोडून गेला. मी पुण्याला योगीराजना फोन केला, मशीन त्यांनीच बनवलंय. ते म्हणाले, दमट हवेनं फिल्म खराब झाली असेल, नवीन कुरिअरनं पाठवतो. "तपासणीचा थेंब बरोबर येतोय ना?" ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असा एक थेंब रोज पहिल्या ओळीतून सोडायचा असतो. तो अगदी बरोबर येतोय. "मग चालू ठेवा," म्हणाले. जिवात जीव आला.

मावशी पाचवीची पूजा करून पेडगावहून परत आल्या. "लय गुनी लेकरू हाय ताई. रडंना का वरडंना. नुसतं झोपतंय. पाजायला बी उठवावं लागायलंय." इथं वॉर्ड डोक्यावर घेणारी बाळं बघता मला राजेश्रीचा हेवा वाटला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काही विशेष नाही. फिल्म आली नाही. मावशी फोनवर राजेश्रीला सांगत होत्या की पिवळेपणा अजून गेला नसेल तर कोवळ्या उन्हात धर, आणि दोन दिवस शी झाली नाही तर पोट चोळ. लेकराचे हात गार पडतात म्हणून मावशी सुटीच्या वेळात मोजे विणतायत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

फिल्म आली. जुनी काढली. प्लेट उजेडात धरली.

कोपऱ्यातला टिपका तिथं नव्हता. तेलाबरोबर तो पसरत गेलाय, एक लालसर रेघ चौथ्या ओळीच्या चौकोनांवरून आडवी गेलीय. भिंगातून बघितलं तर कण दिसतायत. कणांनी फिल्म तिथं उचलली गेली, विजेचा जोर कमी पडला, थेंब अडला. अडलेला थेंब पुढे गेला तो अर्धामुर्धाच गेला, बाकीचा मागे राहिला. थोडं रक्त, थोडा उजेड, छोटा आकडा. म्हणजे बारा दिवस चौथी ओळ खोटं सांगतेय. आणि तपासणीचा थेंब पहिल्या ओळीतून जात होता, त्यामुळे मशीन स्वतःला शाबासकी देत बसलं होतं.

मी प्लेट पुसली. तीनदा पुसली. पुसण्याआधी फोटो काढायला हवा होता, ते सुचलं होतं. काढला नाही, कारण काढायचा नव्हता.

रजिस्टर उघडून चौथ्या ओळीतली बाळं मोजली. नऊ. सगळ्यांचे आकडे वीसच्या आत. तिसरं नाव राजेश्रीच्या बाळाचं.

कुणाला काही बोलले नाही. मावशी उद्याची रजा मागायला आल्या, पेडगावला बारसं आहे. त्यांच्याकडे बघवलं नाही. घरी अवधूत म्हणाले, ताप आलाय का तुला? हो म्हणाले. नवऱ्याशी इतकं सरळ खोटं मी पहिल्यांदाच बोलले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी सात

ठरवलंय. प्रत्येक कार्डावर रक्ताचे पाच डाग असतात, आपण एकच वापरतो. बाकीचे फ्रिजमध्ये आहेत. मॅडम यायच्या आत नऊच्या नऊ पुन्हा तपासायचे, चौथी सोडून बाकीच्या तीन ओळींतून. सगळे नीट आले तर कुणाला सांगायचं कारणच नाही. हजारोंत एखादंच असतं. माझे नऊच आहेत. हे मी कालपासून स्वतःला पन्नास वेळा सांगितलंय.

त्याच दिवशी, अकरा

आठ ठीक आहेत.

राजेश्रीच्या मुलीचा एक्याण्णव. तिसऱ्या ओळीतून पुन्हा सोडला. अठ्ठ्याऐंशी.

रडत नाही. झोपून असते. पाजायला उठवावं लागतं. पिवळेपणा जात नाही, शी होत नाही, हात गार. हे सगळं पुस्तकात असंच्या असं लिहिलेलं आहे. परीक्षेत मी याचे पाच मार्क मिळवलेले आहेत. आणि इथं याच वहीत मी लिहिलंय की मला तिचा हेवा वाटला.

मॅडमच्या केबिनमध्ये जातेय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहायचं त्राण नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "बाळ किती दिवसांचं?" आज बारावा, मी म्हणाले. त्यांनी ओपीडी सोडली, पिशवीत सुया, बाटल्या आणि गोळ्या टाकल्या, आणि गाडी काढली. रस्ताभर मी खड्डे मोजले. एकदाच म्हणाल्या, "चौदा दिवसांच्या आत आहोत आपण. तेवढंच धरून बस."

पेडगावात व्यंकटरावांच्या दारात मांडव होता. आत पाळणा सजवलेला, बाया नाव ठेवायच्या गडबडीत. आम्हाला बघून व्यंकटरावांना आनंदच झाला, डॉक्टरीणबाई बारशाला आल्या म्हणून. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. मावशी पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. बाळ झोपलेलं. एवढा गोंगाट चाललेला आणि ते झोपलेलं.

मॅडमनी घरच्यांना आतल्या खोलीत बोलावून सरळ सांगितलं. राजेश्रीच्या सासूबाई म्हणाल्या, "बारशाच्या दिशी सुई? उद्या घ्या की काय घ्यायचं ते."

"उद्या नाही," मॅडम म्हणाल्या. "एक-एक दिवस मोलाचा आहे."

राजेश्रीच बाळ घेऊन पुढे आली. मॅडमनी शिरेतून रक्त घेतलं. सुई टोचल्यावर बाळ कुरकुरलं, घोगरं, बसलेल्या आवाजात, आणि परत झोपलं. मग गोळीचा चुरा करून आईच्या दुधातून चमच्यानं पाजला. बाळाचं नाव राजनंदिनी ठेवलंय.

"पयल्यांदा तर बरूबर आलं व्हतं," राजेश्री माझ्याकडे बघून म्हणाली. "मंग हे बारा दिवस कुठं गेले?"

मॅडमनी उत्तर माझ्यासाठी ठेवलं होतं.

"मशीनची प्लेट नीट पुसलेली नव्हती," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

व्यंकटराव उठून बाहेर गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुंकू?"

मला खोटं बोलायला एक क्षण होता. तो गेला.

"मी म्हनले व्हते ताई," मावशी म्हणाल्या. "मपल्या हातानं नको म्हनले व्हते." विणलेले मोजे त्यांच्या हातात होते. ते त्यांनी बाळाच्या पायात घातले नाहीत, राजेश्रीच्या उशाशी ठेवले आणि मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेल्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिरेच्या रक्ताचा रिपोर्ट परभणीहून आला. शंका उरली नाही. गोळी चालू आहे.

मावशी कामावर आल्या, पण बाळांना हात लावत नाहीत. फरशी पुसतात, बादल्या नेतात. आज एका बाळंतिणीनं बाळ पुढे केलं तर हात पदराखाली घेतले. जेवताना बघितलं, उजव्या हाताच्या बोटाकडे एकटक बघत होत्या.

मला पुण्याला लेखी कळवायचंय. मी लिहिलं, 'प्लेटवर बाहेरचा पदार्थ आढळला.' मॅडमनी कागद परत दिला. "बाकी सहा ठिकाणी खंडेनवमी झाली नसेल का? तिथंही कुणाचा हात धजला नसेल. 'बाहेरचा पदार्थ' वाचून कोण झाकण उघडेल?"

"मॅडम, कुंकू लिहिलं तर मावशींचं नाव सगळीकडे होईल."

"नाव तुझं लिही. पुसायचं काम तुझं होतं."

लिहिलं. कुंकू, तेल, चौथी ओळ, नऊ बाळं, न काढलेला फोटो, सगळं. खाली सही. योगीराजनी दुपारपर्यंत सहाही ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी प्लेटीवर कुंकू सापडलं, कार्डं पुन्हा तपासायला घेतलीत. मला नोकरीवरून काढतील का हे मॅडमनी सांगितलेलं नाही, मी विचारलं नाही. मला दुसरीच भीती आहे. मावशींनी बावीस वर्षं लोकांचं ऐकलं असेल की त्यांचा हात वाईट. आता मी त्याला पुरावा दिलाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मावशींना हाताला धरून लॅबमध्ये आणलं. येत नव्हत्या. पुन्हा मीच त्यांना कुंकवाकडे ओढतेय ही धाकधूक होती, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

घरून करंडा आणला होता. फिल्म काढली आणि माझ्या बोटानं कुंकू लावलं, या वेळी थेट चौथ्या ओळीच्या चौकोनावर. "बघा, सवाष्णीचा हात. मंगळसूत्र आहे, जोडवी आहेत, सगळं आहे." वर तेल, फिल्म, आणि साध्या पाण्याचा थेंब. बटण दाबलं. थेंब दोन चौकोन चालला, तिसऱ्यावर अडला, नुसता थरथरत राहिला.

मावशी वाकून बघत होत्या.

"तुमच्या बी हाताचं आडलं," त्या म्हणाल्या.

"कुणाच्याही हाताचं अडेल. त्याला हात कळत नाही, मावशी. नुसतं कुंकू कळतं. चूक लावण्यात नव्हती, न पुसण्यात होती. आणि मी पुसलं नाही."

"मंग पुसा की."

मी स्पिरिटचा बोळा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"कुंकू पुसायचं म्हंता?"

मला वाटलं, झालं, मी पुन्हा चुकले.

"मपलं पुसलं तवा मला कुनी इचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या आणि बोळा घेतला. मी फिल्म काढून दिली. त्यांनी प्लेट पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. नखानं कोपरा बघितला. तिसऱ्यांदा पुसली. फरशीलासुद्धा त्या एवढा जोर लावत नाहीत. नवी फिल्म बसवून मी थेंब सोडला. तो चौथ्या ओळीतून सरळ चालत खिडकीपाशी गेला.

"गेलं की," मावशी म्हणाल्या. मग खुर्चीवर बसून पदरात तोंड घालून खूप रडल्या. मी पण.

२७ ऑक्टोबर, सोमवार

राजनंदिनी दुसऱ्या तपासणीला आली. आज पंचवीस दिवसांची. राजेश्री माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. मॅडमनी तिला काही लपवून सांगितलं नाही. बारा दिवसांचं काही नुकसान झालंय का ते दोन-तीन वर्षांनी, मुलगी चालायला-बोलायला लागल्यावरच नक्की कळेल. बहुतेक नाही, म्हणाल्या. मी आता त्या 'बहुतेक'वर तीन वर्षं काढणार आहे.

टाच टोचायला बाळाचा पाय कुणीतरी धरावा लागतो. राजेश्रीनं आजीकडे बघितलं. मावशींनी हात धुतले, पुसले, आणि पाय धरला. बाळाच्या पायातून काढलेली मोज्यांची जोडी त्यांच्याच खांद्यावर होती. मी टोचलं आणि बाळानं असा टाहो फोडला की बाहेरून व्यंकटराव धावत आले. सगळे घाबरले. मॅडम तेवढ्या हसत होत्या.

कार्ड वाळल्यावर थेंब मी मुद्दाम चौथ्या ओळीत ठेवला. मग भीती वाटली म्हणून दुसऱ्या ओळीतही एक ठेवला. दोन्ही थेंब न अडता चालायला लागले. आकडा यायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात हे लिहितेय. मावशी स्टूल घेऊन मशीनसमोर बसल्यायत, मांडीवर बाळ, बाळाच्या तोंडात स्वतःचीच मूठ.

आकडे आले. चौथ्या ओळीत अठरा, दुसऱ्या ओळीत अठरा.

रजिस्टर ओढलं आणि सहीसाठी पेन टेकवलं, तर मावशी म्हणाल्या, "थांबा. पलेट पुसली व्हती का आज?"

"पुसली होती."

"कुनी?"

"तुम्हीच की, सकाळी. आल्या आल्या."

त्यांनी क्षणभर आठवून बघितलं.

"मंग करा सही."